शेंदराखालचा वीर

मनमाडला गाडी बदलली आणि आम्ही मोगलाईत (निजामाच्या मुलखात) शिरलो. आमच्या ह्यांनी लगेच पाण्याचा तांब्या जवळ ओढला, जणू पलीकडे विहिरीच नाहीत. गंगाखेडला उतरून पुढे बैलगाडी केली. काळी रानं, उभी ज्वारी, मध्येच एखादी बाभळ. पाहायला सुरेख, पण त्या वाटेने हाडं अशी खिळखिळी केली, की रानाचं कौतुक करायला मी परतीपर्यंत सवड मागून घेतली.

राणीसावरगावापलीकडच्या एका वाडीत माझी बालमैत्रीण यमुना दिलेली. तिच्या लेकीचं, शेवंताचं लग्न होतं. गेल्या गेल्या पानात येसराची (भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची) आमटी पडली. ह्यांनी ती नाक पुसत पुसत तीनदा मागून घेतली.

दुपार कलल्यावर वऱ्हाड आलं. रीत अशी, की नवरदेवाने आधी वेशीजवळच्या मारुतीच्या पाया पडायचं, मग मांडवात यायचं. वाजंत्री वेशीपाशी गेली आणि एकदम थांबली. आम्ही बायका धावलो. मारुतीवर पिढ्यान्‌पिढ्या चढलेला शेंदराचा जाड थर निखळून खाली पडला होता. आत मारुती नव्हताच! काळ्या दगडावर ढाल-तलवार घेतलेला एक माणूस कोरलेला होता आणि त्याच्यामागे गाई. वीरगळ होता तो (लढाईत किंवा गाई राखताना पडलेल्या वीराचा दगड). एवढी वर्षं गाव एका शिपायालाच मारुती समजून तेल घालत होतं.

नवरदेवाच्या वडिलांनी काठी आपटली. "ह्यो अपशकुन हाय. मेलेल्या माणसाच्या पाया पडून माझं पोरगं बोहल्यावर चढणार न्हाई. गाड्या जुपा!"

यमुनेने माझा हात घट्ट धरला. "बाई, माझ्या लेकराचं कसं व्हायचं गं?"

मांडवात शेवंता हळद लावून बसलेली. वऱ्हाड वेशीतून परत गेलं तर त्या पोरीला पुन्हा कोण विचारणार? मला त्या गृहस्थांचा असा राग आला, की ह्यांनी डोळे वटारले नसते तर मी चार शब्द सुनावलेच असते.

तेवढ्यात नवरदेवाचा मामा पुढे झाला. उंच माणूस, एका पायाने लंगडणारा. तरुणपणी इंग्रजी फौजेत भरती होऊन बसऱ्याच्या लढाईवर जाऊन आलेला. त्याने पायताण काढलं, दुखरा पाय सरळ केला आणि दगडाला कडक सलाम ठोकला.

"दाजी," तो मेहुण्याकडे न वळताच म्हणाला, "माझ्या संगं किसन आला, बापू आला, हुसेन आला. तिघं बी तिथंच वाळूत ऱ्हायले. त्यांच्या नावाचा दगुड कुटं हाय? म्या कुटं डोस्कं टेकायचं?" त्याने दगडाकडे बोट केलं. "ह्यो गावच्या गाईंपायी मेला. ह्येच्या पाया पडणं अपशकुन असंल, तर मी जिता घरी आलो त्यो बी अपशकुनच म्हणा."

नवरदेव मुंडावळ्या सावरत वाकला आणि त्याने दगडाच्या पायथ्याशी डोकं ठेवलं. वडिलांनी पागोटं नीट केलं, हात जोडले आणि ते वाजंत्र्यांवरच खेकसले, "वाजवा की रं! मुहूर्त टळायलाय!"

माझ्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू एकदमच आलं.

सकाळी आमची आणि नवरीची गाडी बरोबरच निघाली. वेशीत गुरव शेंदूर कालवून बसला होता. मामाने त्याला थांबवलं, "नगं. दिसू दे त्येचं तोंड." शेवंता तेलाची वाटी घेऊन उतरली. वीराला तेल घातलं, पण ती उठेना.

"मामा, काल ती नावं काय म्हणलाव तुमी?"

मामाने एकेक नाव घेतलं. प्रत्येक नावाला तिने दगडावर तेलाची धार धरली.

घरी परतल्यावर हे सगळ्यांना येसराच्या आमटीचंच वर्णन करून सांगतात. मी त्या दगडाचं सांगते. त्यावर कुणाचंच नाव नाही, हे मला तिथे पाहताना फार वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही. नाव नव्हतं, म्हणून तर किसन, बापू आणि हुसेन तिघांनाही तिथे जागा झाली.