बयाबाईची मूठ

बयाबाईचा उजवा अंगठा अधू झाला, तेव्हा घरात हळहळ झाली ती दुधाची. बाईची कुणाला पडली होती? म्हशीनं हिसडा दिला आणि दाव्याच्या फासात अंगठा चेमटला. वेल्ह्याच्या वर डोंगरात आमची गवळी-धनगरांची चार घरं. साल बत्तीस-तेहतीस असेल. मी शेजारीच नांदत होते, म्हणून सांगते.

म्हैस बयाबाईला माहेरनं मिळालेली. श्रावणात सूज उतरली, पण अंगठ्याचं पेर वळेना आणि मुठीत जोर राहिला नाही. मग धारेला बसला तिचा दीर रायबा. भोरला तालमीत चार महिने काढून आलेला, त्यामुळे स्वतःच्या पंजाचं त्याला भारी कौतुक. अंगठा मुडपून सडावर असा रुतवायचा की म्हैस पाय झाडायची. सड सुजले, दूध निम्म्यावर आलं. यावर शहाण्याचं म्हणणं काय, तर म्हैसच नाठाळ, पान्हा चोरते, दिवाळी झाली की विकून टाकू. बयाबाईचा नवरा हैबती भाकरी मोडत गप्प बसला. त्या गप्प बसण्याचा मला अजून संताप येतो.

बयाबाईनं भांडण काढलं नाही. ओल्या लोकरीचा गोळा करून ती रोज पहाटे तो मुठीत पिळू लागली. पहिल्या दिवशी दहादा पिळलं तर कोपरापर्यंत कळ गेली. महिन्याभरानं वरवंटा एका टोकाला चिमटीत धरून उचलायला लागली. सुटून दोनदा पायावर पडला. वहिनी आता जत्रेत कुस्ती धरणार, म्हणून रायबा खिदळायचा. म्हशीची वाट लावणाऱ्यानं हसावं, म्हणजे कमालच झाली.

दिवाळीआधी आठ दिवस ती धारेला बसली. जोर आला होता, पण पेर वळत नव्हतंच. म्हणून अंगठा सरळ ठेवून तिनं अख्ख्या मुठीत सड धरला आणि एकेक बोट वरून खाली मिटत आणलं. म्हैस रवंथ करत उभी राहिली. पाडव्यापर्यंत चरवी पुन्हा काठोकाठ भरू लागली.

पाडव्याला पाहुणे जमले, तर रायबा मिशीवर हात फिरवत सांगतोय, "म्या पिळून पिळून वळण लावलं म्हशीला." लाज म्हणून नाही.

बयाबाईनं चरवी त्याच्यापुढं ठेवली. "मग आजची धार बी तुमीच काढा, भावजी."

तो नुसता जवळ गेला, तशी म्हशीनं लाथ झाडली. चरवी घरंगळत पाहुण्यांच्या पायाशी आली. तेव्हा कुठं हैबतीला वाचा फुटली. "म्हैस इकायची न्हाई," म्हणाला.

बयाबाईनं चरवी उचलली, पुसली. "माज्या म्हायेरची म्हस. तुमाला इचारलं कुणी?" एवढं म्हणून ती धारेला बसली.