कॉन्चेर्तोत ‘वा!’ म्हणायचं नाही

पौषातला रविवार. आकाश स्वच्छ, ठाण्यात, आमच्या नौपाड्यात चक्क स्वेटर निघाले.

आमच्या गाणं ऐकणाऱ्या मंडळींचे किस्से इतके साठलेत की डायरीला मागे पुरवणी जोडावी लागते. यंदाची पुरवणी एकट्या पियानोने भरली.

कारण, कांबळेसाहेबांची रमा. तिने अख्खा पियानो कॉन्चेर्तो, म्हणजे एकटा पियानो आणि समोर सबंध ऑर्केस्ट्रा, बसवला. ऑर्केस्ट्रा कुठून आणणार? म्हणून तो भाग तिच्या फर्नांडिस मिस दुसऱ्या पियानोवर वाजवणार. रमाचा पहिलाच जाहीर कार्यक्रम. आणि आम्ही पडलो शास्त्रीय गाण्याचे श्रोते; जागा आवडली की ‘वा!’ गेलीच तोंडातून. त्यात कांबळेसाहेब एसटी डेपोत गाड्यांची घोषणा करून रिटायर झालेले. घरच्या तालमीत त्यांच्या एका ‘वा!’ने रमाची बोटं जागच्या जागी थांबली.

“बाबा, कार्यक्रमात असं झालं तर मी परत स्टेजवर बसणार नाही!”

मग आम्ही गप्प बसण्याचा रियाज सुरू केला.

*

रोज संध्याकाळी माझ्याकडे त्याच कॉन्चेर्तोचं रेकॉर्डिंग लागायचं. सुरुवातीला खोपटच्या डेपोतल्या सगळ्या गाड्या एकदम स्टार्ट झाल्यासारखं वाटतं. त्या गदारोळात एकटा पियानो शिरतो, अजिबात न घाबरता. तेव्हापासून मी त्याच्या बाजूने!

कोलशेतचा होडीवाला भोईर मांडीवर ताल धरून सम शोधत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, “सम गेली कुठं?”

“यात नसते.”

“मंग ही मान्सा एकत्र येतान कशी?”

यावर अजून आमच्यात एकमत नाही.

*

मधल्या संथ भागाला कांबळेसाहेब खुर्चीतून अर्धे उठायचे. “एवढं कोवळं वाजवायचं आणि वर आम्ही गप्प? अन्याय आहे हा!”

भोईर म्हणाला, “साहेब, मासली लागेपरत आमी तोंड उघडतो का? रुमाल धरा!”

साहेबांनी धरला. रेकॉर्डिंग संपलं तेव्हा रुमालाला दातांची भोकं!

*

शेवटच्या तालमीला फर्नांडिस मिसनी आम्हाला समोर बसवलं. “टाळी फक्त अगदी शेवटी. खोकला आला तर बाहेर. आणि कॅडेन्झा, म्हणजे मी थांबते आणि रमा एकटी वाजवते, तेव्हा श्वाससुद्धा हळू!”

“मिस, तुम्हाला कसं जमतं गप्प राहायला?” साहेबांनी विचारलं.

“शिस्त, मिस्टर कांबळे, शिस्त!”

*

आज कार्यक्रम झाला. शाळेचा हॉल भरलेला. पहिल्या रांगेत आम्ही तिघं, मधे कांबळेसाहेब, तोंडावर रुमाल, रुमालावर दोन्ही हात. कॅडेन्झा आली. मिसनी हात मांडीवर ठेवले. रमा एकटी. सूर चढत चढत गेले, एका जागी क्षणभर थांबले.

“वा!”

अख्ख्या हॉलने कांबळेसाहेबांकडे पाहिलं. रुमाल जागेवर होता.

फर्नांडिस मिस दुसऱ्या पियानोवर तोंड दाबून बसल्या होत्या.

रमा थांबली नाही. शेवटपर्यंत वाजवलं.