साडेअकराचा कट्टा

बाबांचा कॉम्प्युटर बिघडलेला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. तो फक्त हळू चालायचा. चालू केल्यावर पडदा उजळेपर्यंत बाबांचा चहा पिऊन व्हायचा आणि त्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार माझी होती. मला हळू चालणाऱ्या गोष्टींचा राग येतो. फ्रीवेवर उजव्या लेनमधून रमतगमत जाणाऱ्यांचा येतो, दुकानात पिशव्या भरता भरता कॅशियरशी गप्पा मारणाऱ्यांचा येतो, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत बाबांचाही यायचा. म्हणून एका शनिवारी, कोणी सांगितलेलं नसताना, मी त्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम पुसून नव्याने घालायला बसलो. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

आई गेल्यावर मी बाबांना पुण्याहून इथे परदेशात आणलं. ट्रुगानिना नावाच्या उपनगरातलं आमचं घर नवं, रस्ता नवा, रस्त्यावरची झाडंसुद्धा अजून काठीला बांधलेली. दिवसा बाहेर माणूस दिसत नाही. दिसलाच तर पार्सलवाला, तोही दारात खोकं टाकून पळत सुटलेला. मी ऑफिसला, बायको हॉस्पिटलात नर्स असल्यामुळे तिच्या शिफ्टला, मुलगी शाळेत. घरात बाबा आणि वारा. त्यात बाबांची नजर गेलेली. म्हणजे पूर्ण नाही, पण समोरचं मधोमध दिसत नाही, कडेकडेने दिसतं. माणसाचा चेहरा बघायचा तर ते कोंबडीसारखी मान तिरकी करतात. म्हणून त्यांच्या खोलीत भल्या मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर ठेवला होता, आणि तो त्यांना एकाच गोष्टीसाठी लागायचा. कट्ट्यासाठी.

कोथरूडमधल्या एका बागेत, एका ठरलेल्या बाकावर, बाबा आणि त्यांचे तीन मित्र रोज सकाळी सातला बसायचे. एक बँकेतून निवृत्त झालेले, एक वीज मंडळातून, आणि तिसरे शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर. बाबा इकडे आल्यावर बँकेतल्या काकांनी त्यांच्या मुलाने दिलेला टॅब बागेत न्यायला सुरुवात केली. पाण्याच्या बाटलीला टेकवून तो बाकावर उभा करायचा आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावायचा. तिकडचे सात म्हणजे इकडचे साडेअकरा. बाबा त्याच्या आधी दाढी, आंघोळ उरकून इस्त्रीचा शर्ट घालून पडद्यासमोर बसलेले असायचे.

मला वाटायचं, तासभर काय बोलत असतील? एकदा घरून काम करत होतो तेव्हा डोकावलो. कोणीच काही बोलत नव्हतं. पडद्यावर अर्धं झाड आणि अर्धं कोणाचं तरी कोपर. मधूनच कावळे. लांबून हास्यक्लबवाल्यांचं ते जबरदस्तीचं हसणं. मास्तरांनी महानगरपालिकेला एक शिवी घातली, वीज मंडळातले काका "हं" म्हणाले आणि पुन्हा सगळं गप्प.

"बाबा, कॉल अडकलाय का?" मी विचारलं.

"नाही रे. बसलोय," बाबा म्हणाले.

तर त्या शनिवारी दुपारपर्यंत माझं काम फत्ते झालं. कॉम्प्युटर बटण दाबताच उठायला लागला. मी स्वतःवर बेहद्द खूश. मग लक्षात आलं, खालच्या कोपऱ्यात जिथे वायफायची चिन्हं असतात, तिथे काहीच नाही. नेटवर्क बंद आहे असंही तो म्हणेना. वायफाय नावाची वस्तू आपल्या पोटात आहे हेच तो विसरला होता. ती ओळखायला ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लागतो. तो जुन्या सिस्टिमबरोबर पुसला गेला होता, आणि नवा आणायचा तर इंटरनेटवरून. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? राउटर इथल्या सगळ्या नव्या घरांसारखा गॅरेजमध्ये. तो जड कॉम्प्युटर कडेवर घेतल्यासारखा गॅरेजमध्ये नेला, वायर खुपसली. वायरीचाही ड्रायव्हर गेलेला. परत उचलून खोलीत आणला.

आता कोणी म्हणेल, दुकानात द्यायचा. बायको तेच म्हणाली.

"दुकानात दे ना रे. ते आरामात करून देतील."

"दुकानात? अगं, लोक माझ्याकडे आणून देतात!"

हे खोटं नव्हतं. इथल्या आमच्या मराठी मंडळींत मी 'आयटीवाला' आहे. कोणाचा प्रिंटर अडला, कोणाचा टीव्ही नेट पकडेना, की मला फोन. गणपतीत आरतीनंतर प्रसादाबरोबर माझ्या हातात एखाददुसरा लॅपटॉपही येतो. प्रत्यक्षात मी पगाराच्या एका सॉफ्टवेअरमध्ये आकडे बरोबर येतात का ते तपासतो. कॉम्प्युटर उघडून आत काय असतं ते मी आयुष्यात बघितलेलं नाही. पण पुण्याचा मुलगा आयटीत आहे म्हटल्यावर आयटीत नक्की काय करतो हे कोणी विचारत नाही, आणि आपणही सांगत नाही. असा माणूस बापाचा कॉम्प्युटर काखोटीला मारून दुकानात कसा जाणार? तिथे रांगेत ओळखीचं कोणी भेटलं तर?

बाबांना मी म्हणालो, "दोन दिवस द्या फक्त."

"होऊ दे सावकाश," ते म्हणाले.

मी त्यांना माझ्या फोनवरून कॉल लावून द्यायला बघितलं. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला, मान इकडून तिकडून तिरकी केली आणि कॉल लागायच्या आतच परत दिला. "यात चेहरे दिसत नाहीत रे. नुसते गोळे."

"मग त्यांना कळवू का, नेट गेलंय म्हणून?"

"हसतील. आणि दोन दिवसांत येईल म्हणतोस ना?"

दोन दिवसांत आलं नाही. ऑफिसच्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावायला कंपनीची बंदी. फोनवर ड्रायव्हर उतरवून तो वायरीने कॉम्प्युटरमध्ये ढकलायचा, तर ड्रायव्हर चुकीचा निघायचा. त्याच मॉडेलच्या मशीनमध्ये ती बनवणाऱ्यांनी वायफायची वेगवेगळी कार्डं घातलेली होती आणि आमच्यात कुठलं आहे ते सांगणारं मागचं लेबल उन्हाने पांढरं पडलेलं. रोज संध्याकाळी ऑफिसमधून आलो की एक नवा ड्रायव्हर घालायचा आणि 'डिव्हाइस सापडलं नाही' ही पाटी वाचायची, हा माझा नित्यनेम झाला. दोन दिवसांचा आठवडा झाला, आठवड्याला आठवडे लागत गेले. मुलगी एकदा दारातून म्हणाली, "Dad, just buy a new one." मी तिच्यावर विनाकारण ओरडलो. तोपर्यंत ते माझं आणि त्या यंत्राचं भांडण झालं होतं. बाबा त्यात कुठे आहेत याचा मला विसरच पडला होता.

पहिले काही दिवस ते साडेअकराला इस्त्रीचा शर्ट घालून त्या काळ्या पडद्यासमोर जाऊन बसायचे. घरून काम करायच्या दिवशी मी ते बघितलं आणि मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की मी काय करतो? अजून एक ड्रायव्हर शोधतो. मग हळूहळू ते बसेनासे झाले. आंघोळ दुपारवर गेली. एक दिवस बायको शिफ्टवरून आली, बूट काढता काढता तिने बाबांकडे बघितलं आणि मला किचनमध्ये बोलावलं.

"बाबांनी आजही दाढी केली नाहीये."

"थंडी आहे. कंटाळा केला असेल."

"मी रोज वॉर्डमध्ये बघते हे. पहिल्यांदा दाढी सोडतात. मग जेवण. यू नो ना तू?"

मला माहीत होतं, म्हणून मी चिडलो. तिच्यावर चिडून भागेना, तेव्हा त्या तिघांवर घसरलो. जेवताना बाबांना म्हणालो, "इतके दिवस झाले, तुमच्या एकाही मित्राला साधा फोन करावासा वाटला नाही? रोज शेजारी बसायचात म्हणे! बरे मित्र आहेत."

बाबांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. वरण आवडलं म्हणाले. पण वाटीत निम्मं तसंच होतं.

पुढच्या शनिवारी सकाळी मी पुन्हा एकदा फोन वायरीने कॉम्प्युटरला जोडला. आणखी एक ड्रायव्हर ढकलायचा होता. फोनवर एक चौकट आली. या वायरीतून नेट वाटून घ्यायचं का, असं काहीसं विचारत होती. ती आधीही येत असणार. मी रोज न वाचता बंद करत असणार. त्या दिवशी चुकून 'हो' दाबलं गेलं आणि कॉम्प्युटरला इंटरनेट मिळालं. फोनच्या वायरीतून, सरळ. मी आपला धरून चाललो होतो की फोनचं नेट द्यायचं तर हवेतूनच द्यावं लागतं, आणि हवेतून घ्यायला याच्याकडे वायफाय कुठे आहे? नेट मिळताच त्याने स्वतःच शोधाशोध केली, स्वतःच आपलं कार्ड ओळखलं, ड्रायव्हर आणला, आणि मी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत कोपऱ्यात वायफायच्या सगळ्या रेघा उमटल्या. एवढंच होतं ते. पहिल्याच दिवशी त्याच वायरीवर बाबांचा कॉल लागला असता. मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं. बाबांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीत बसून मी रडलो.

कॉल लावतो म्हटल्यावर बाबा म्हणाले, "थांब. आधी दाढी करतो."

साडेअकराला मी कॉल लावून दिला आणि मागे कॉटवर बसून राहिलो. रिंग बराच वेळ वाजली. मग पडद्यावर बँकेतल्या काकांची हनुवटी आली, मग चष्मा. ते हॅलो म्हणाले नाहीत. टॅब दोन्ही हातांत धरून नुसते बघत राहिले.

"तू आहेस?" ते म्हणाले.

"आहे की," बाबा म्हणाले. "नेट गेलं होतं."

"नेट?"

"हो. मुलगा दुरुस्त करत होता."

वीज मंडळातले काका शेजारून वाकले. "बरा आहेस ना?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर ऐकून पुन्हा तेच विचारलं. बँकेतल्या काकांनी चष्मा वर करून डोळे पुसले, मग धांदलीने टॅब बाटलीला टेकवला. बाक दिसायला लागला. बाकावर दोघंच होते. बाबांनी मान डावीकडे तिरकी केली, मग उजवीकडे केली, पुन्हा डावीकडे. पडदा कडेकडेने पूर्ण बघून घेतला. मग त्यांनी विचारलं, बागेबाहेरचा खणलेला रस्ता बुजवला का. नाही बुजवला. पाणी सकाळी येतं का? येतं, पण प्रेशर नाही. त्यानंतर तिघं गप्प बसले. पण आधीसारखे नाही. बँकेतले काका दर थोड्या वेळाने टॅबकडे वळून बघत होते, बाबा आहेत ना याची खात्री करून घ्यावी तसे.

कॉल संपल्यावर मी म्हणालो, "मास्तर काका दिसले नाहीत."

"नव्हते."

"मग विचारलं नाहीत?"

"विचारत नाहीत." मला कळलं नाही हे त्यांना कळलं असावं, कारण मग त्यांनी सावकाश सांगितलं. "आमच्यात एखादा यायचा थांबला की वाट बघायची. फोन करायचा नाही. घरच्यांना बिचाऱ्यांना आधीच शंभर ठिकाणी सांगायचं असतं. थोडे दिवस वाट बघायची, आणि मग एका सकाळी टपरीवरून एक चहा जास्तीचा आणायचा. माळ्याला द्यायचा. झालं. पुढे त्याच्याबद्दल बोलताना होता म्हणायचं."

मी म्हणालो, "म्हणजे तुमचाही..."

"आणला असणार. इतके दिवस झाले म्हटल्यावर." ते शर्टाची बटणं काढत होते. "मीही आणलाय इतरांचा. त्यात काय."

"पण आता कळलं ना त्यांना! उद्यापासून रोज लावू आपण. आता नेट जाणार नाही, मी बघतो."

"नको," बाबा म्हणाले. "त्यांचं माझं एकदा करून झालंय. परत सुरू केलं तर परत कधीतरी करावं लागेल. आता दोघंच राहिलेत. त्यांना आणखी किती वेळा करायला लावायचं?"

त्यांनी शर्ट हँगरला लावला, वरचं बटण चाचपडून बंद केलं आणि कपाटात अडकवला. मी वाद घातला. खूप घातला, आवाज चढवूनसुद्धा. ते मान तिरकी करून माझा चेहरा बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. साडेअकराला कॉम्प्युटर वाजायला लागला. बाबा कॉटवर बसले होते, हाताच्या अंतरावर. मी दारात उभा होतो. त्यांनी मला मानेनेच नको म्हटलं. पूर्ण रिंग वाजून ती थांबली, आणि त्यानंतर कधी वाजली नाही.