‘येतं’ म्हणायला शिकलेली वैजयंती

वैजयंती मोहोळकडची. नवरा गेल्यावर सोलापुरात भावाकडे आली आणि भावजयीच्या तोंडाकडे बघत जेवायचा कंटाळा आला म्हणून आजाऱ्यांची सेवा शिकवणाऱ्या मोफत वर्गात जाऊन बसली. देशाला कुशल मनुष्यबळ हवं होतं, आणि ते विजापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयाच्या माडीवर तयार होत होतं.

तिथं सगळ्यात जास्त तास व्यक्तिमत्त्व विकासाचे. ताठ कसं उभं राहायचं, हसताना दात किती दाखवायचे, सगळं शिकवत. शिकवणाऱ्या मॅडमचा एक दंडक होता, ‘मला येत नाही’ हे शब्द पेशंटच्या घरी तोंडातून काढायचे नाहीत. रोज सकाळी सगळ्या बायका उभ्या राहून एका सुरात ‘येतं!’ म्हणत. वैजयंतीचा आवाज खणखणीत, म्हणून तिला पुढं उभं करीत. आणि प्रत्यक्ष काम? त्यासाठी एक रबरी माणूस होता. तो कायम प्लास्टिकच्या पिशवीत. पाहणीला साहेब आले की पिशवी निघायची, फोटो व्हायचे आणि पिशवी परत चढायची. नाकातून घालायची नळी हातात धरलेला वैजयंतीचा फोटोही आहे. नळी मात्र त्या रबरी नाकातसुद्धा कधी गेली नाही.

पहिलंच काम तिला महादेवप्पांच्या घरी मिळालं. धान्याचे जुने व्यापारी, अर्धांगानं आडवे झालेले. गिळता येत नव्हतं, म्हणून दवाखान्यानं नाकातून पोटात नळी घालून घरी पाठवलं होतं. सून दाक्षायणी स्वभावानं वाईट नव्हती, पण पार दमली होती. ‘नळीतून पेज घालता येते ना तुला?’ तिनं दारातच विचारलं. वैजयंती छान हसली आणि ‘हो की मॅडम’ म्हणाली.

दाक्षायणीनं दवाखान्यात बघितलेलं एकदा करून दाखवलं, त्यावर वैजयंती निभावून नेऊ लागली. पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. अप्पांना बोलता येत नसे. ते नुसते तिच्या हातांकडे बघत राहत, आणि तिला वाटे, यांनी आपल्याला ओळखलंय.

एका दुपारी ती पेज घेऊन आली, तर नाकावरची चिकटपट्टी सुटलेली आणि नळी चांगली बोटभर बाहेर आलेली. अप्पांचा श्वास घरघरत होता. मॅडमनी वर्गात वाचून दाखवलं होतं, सरकलेली नळी श्वासनलिकेत जाऊ शकते, मग पेज थेट फुप्फुसात जाते, म्हणून आधी तपासावं. कसं तपासावं, ते सांगायच्या आत जेवणाची सुट्टी झाली होती.

‘घातलीस का गं पेज?’ स्वयंपाकघरातून दाक्षायणी ओरडली. ‘साखर उतरायचं इंजेक्शन दिलंय मी, उपाशी राहून चालायचं नाही त्यांना. उशीर नको करू.’

वैजयंतीनं भांडं खाली ठेवलं. मॅडमपुढं बोलायची ती शिकवलेली भाषा कुठल्या कुठं पळाली.

‘ताई, नळी सरकलीया. मला ह्यातलं काय बी येत न्हाय. शिकवलंच न्हाय कुणी. आदी डॉक्टरास्नी बोलवा.’

बोलून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की रडूच आलं.

‘मग माझ्या सासऱ्यांच्या जिवाशी खेळत होतीस होय इतके दिवस?’ दाक्षायणीचा राग काही खोटा नव्हता. पण फोन तिनं डॉक्टरांना न लावता वैजयंतीला पाठवणाऱ्या त्या वर्गाच्या केंद्राला लावला. केंद्र जवळच. त्यांनी माफी मागितली आणि लगोलग रिक्षानं दुसरी बाई पाठवली.

ती होती अपेक्षा, सांगोल्याची, वर्गात वैजयंतीच्याच शेजारी बसणारी. वैजयंतीनं फाटकातच तिचा हात धरला.

‘नळी सरकलीया गं. तपासाया येतं का तुला?’

अपेक्षानं नजर चुकवली. ‘तुला ठाव हाय की. पर मला ह्ये काम पायजे.’ हात सोडवून घेऊन ती पायऱ्या चढली.

‘ताई, तिलाबी येत न्हाय!’ वैजयंती ओरडली. ‘पेज घालू नका!’

‘स्वतःला जमलं नाही म्हणून दुसरीच्या पोटावर पाय देतेस?’ दाक्षायणीनं अपेक्षाला आत घेतलं आणि दार लावलं.

वैजयंती दार बडवत राहिली. कुणी उघडलं नाही. थोड्या वेळानं आतून अप्पांच्या खोकल्याचा आवाज आला. ओला खोकला, थांबता थांबेना. त्यावर अपेक्षाचा आवाज आला, गोड आणि अगदी शांत.

‘काही नाही मॅडम, होतं असं.’