तेरा नंबरची जर्सी

आमच्या रग्बी लीग क्लबच्या सेक्रेटरीने गुहागरकडच्या एका परांचीवाल्याला फसवलं. मी त्याचा साक्षीदार आहे. त्या फसवणुकीला लागलेलं एक हत्यार माझ्याच जिभेने पुरवलं, तेही इथे लिहितो. नंतर कोणी म्हणायला नको की याने अर्धंच सांगितलं.

मी रत्नागिरीचा. दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात माझं पाइप आणि क्लॅम्पचं दुकान आहे. आलो तेव्हा दुसऱ्याच्या गोदामात माल उतरवायचो. पुढे दुकान उभं केलं ते तोंडाच्या जोरावर. भाव करताना माझा आवाज चढतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक इंग्रज दुकानात आला आणि लांब पाइप मागू लागला. इंग्रजी एच अक्षरासारखे दोन गोलपोस्ट करायचे होते. तासभर आम्ही घासाघीस केली. त्याला घाम फुटला, मला मजा आली. तोच हा सेक्रेटरी.

पोस्ट उभे करायला मी स्वतः गेलो. माझा माल वाकडा उभा राहिलेला मला चालत नाही. शमालच्या, म्हणजे उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्याला, वस्ती संपल्यावर, वाळू आणि बारीक खड्यांचं मैदान होतं. गवताची काडी नाही. जुम्याची नमाज आटोपून मी पोहोचलो, पोस्ट रोवले आणि पिकअपच्या फळीवर बसून सामना बघत राहिलो. एका बाजूला तेरा, दुसऱ्या बाजूला तेरा. आधी वाटलं, ही नुसती मारामारी आहे. मग हिशेब कळला. बॉल घेऊन पुढे जायचं. पकडून पाडलं की उठायचं, बॉल पायाने मागे सरकवायचा, पुन्हा जायचं. असं सहा वेळा. सहाव्यांदाही जमलं नाही तर बॉल समोरच्याच्या हातात. मी जन्मभर गिऱ्हाइकाशी दुसरं काय करत आलो होतो?

त्या दिवशी एकाचा गुडघा खड्यावर घासून पार सोलून निघाला. पुढच्या शुक्रवारी मी रंगाचा रिकामा डबा घेऊन गेलो आणि सामन्याआधी या टोकापासून त्या टोकापर्यंत खडे वेचले. कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून ते काम माझं झालं. दर शुक्रवारी वारा नवे खडे आणून टाकायचा, दर शुक्रवारी मी वेचायचो. शेजारचा टायरवाला म्हणायचा, "भाई, गोऱ्यांचे खडे उचलायला एवढा समुद्र ओलांडून आलात?" बायको त्याच्याही वरची. "घरात कधी तांदूळ निवडला नाहीत," ती म्हणाली, "आणि तिथे मैदान निवडताय."

गुहागरचा गडी मला दुकानातच भेटला. तिशीच्या आतला, एका बांधकाम कंपनीत परांच्या बांधायचा. गावच्या संघात कबड्डी खेळलेला, उजवा कोपरारक्षक. एका शुक्रवारी त्याला पिकअपमध्ये घालून मैदानावर नेलं. अर्धा तास तो फळीवर उकिडवा बसून बघत होता. मग म्हणाला, "चाचा, ही कबड्डीच हाय. निस्ता मध्ये बॉल आलाय."

"मग खेळशील?"

"मना कोन घेतंय?"

त्याच महिन्यात क्लबचे बाराच जण आले. कॅप्टन न्यूझीलंडचा, एसी दुरुस्त करणारा, दाराएवढा रुंद माणूस. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी आमच्या गड्याकडे. त्याच्या अंगावर तेरा नंबरची जर्सी चढली, गुडघ्यापर्यंत आली. पहिल्या दहा मिनिटांत समोरचा एक धिप्पाड माणूस सगळ्यांना चुकवून सुटला. आमचा गडी मागून धावला, कंबर नाही, खांदा नाही, सरळ घोटा धरला. माडाचं झाड पडावं तसा तो माणूस आडवा झाला. कॅप्टनने मला विचारलं, "असे आणखी आहेत?"

"माल आहे," मी म्हणालो. "भाव बोला."

दोन हंगाम तेरा नंबर त्याचाच राहिला. क्लबला बहारीनचं आमंत्रण आलं तेव्हा सेक्रेटरीने कॅप्टनसमोर माझ्या हातात हात दिला. आमच्या गड्याचा एक्झिट परमिट आणला तर तेरा नंबर त्याचा. इथे कंपनीने परमिट दिल्याशिवाय कामगाराला देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही, आणि दोन दिवसांच्या खेळासाठी कोण कंपनी परमिट देणार? मी त्यांच्या मंदूबला गाठलं. मंदूब म्हणजे कंपनीचे सरकारी कागद करणारा माणूस. पहिल्या खेपेला त्याने मला बसायलाही सांगितलं नाही. दुसऱ्या खेपेला चहा आला. तिसऱ्या खेपेला, गुरुवारी, तो हसून म्हणाला, "खलास, काम झालं. बुधवारी येऊन घेऊन जा. तू परत येऊ नकोस म्हणून देतोय."

दुसऱ्या दिवशी मैदानावर सेक्रेटरीने विचारलं, "परमिटचं काय?"

आता इथे माझी चूक. हातात आलेला माल हातात आलाय असं व्यापारी सांगत नाही. मला आमच्या आणखी एकाला राखीव खेळाडूंत बसवायचं होतं आणि त्यासाठी माझी मेहनत मोठी दिसायला हवी होती. मी मान हलवली, उसासा टाकला. "फार कठीण आहे," मी म्हणालो. "जवळजवळ अशक्य."

"बघू," तो म्हणाला. "बुधवारपर्यंत थांबतो."

बुधवारी परमिट मिळाला. गुरुवारी आम्ही दोघं विमानतळावर. त्याच्या बॅगेत नवे बूट, पासपोर्टला लावलेला कागद. तेरा नंबरच्या जागी सेक्रेटरीच्या ऑफिसात नुकताच आलेला एक इंजिनिअर उभा होता. मी कागद सेक्रेटरीच्या नाकासमोर धरला.

"तूच म्हणालास अशक्य आहे," तो म्हणाला. "टीम तर कळवायला हवी होती."

सगळ्यांनी ऐकलं. मी कागद घडी करून खिशात घातला. आमचा गडी माझ्या बाहीला धरून म्हणाला, "चला चाचा. मेसमधला जेवान संपंल." परतीच्या वाटेवर त्याने बॅग मांडीवर धरली होती. मी सिग्नलला उगीच हॉर्न वाजवत राहिलो.

इथवर मी स्वतःलाच शिव्या घालत होतो. वर्षअखेरीस सेक्रेटरीने लिहिलेली क्लबची पुस्तिका निघाली. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, पण वाचून दाखवायची मराठीत. बहारीनच्या पानावर आमच्या गड्याचं नाव होतं. "अब्बा, इथे लिहिलंय, याचे कागद नीट नव्हते म्हणून याला जाता आलं नाही."

ज्यांनी आखात पाहिलेलं नाही त्यांना हे वाक्य साधं वाटेल. आमच्यात 'कागद नीट नाहीत' म्हणजे माणसावर केस आहे, किंवा तो पळून आलेला आहे. पुस्तिका त्याच्या साइटवर पोहोचली. त्याला फोरमन करायचं चाललं होतं. साइट इंजिनिअरने विचारलं, "तुझी भानगड काय आहे?" आणि फोरमन दुसराच झाला. मंदूब तर माझ्यावरच उखडला. "मी दिलेला कागद नीट नव्हता?"

मग कॅप्टन दुकानात आला. बहारीनवाल्यांकडून त्याला फॅक्सची प्रत मिळाली होती, आमच्या सेक्रेटरीने पाठवलेली टीमची यादी. तेरा नंबरपुढे इंजिनिअरचं नाव. फॅक्सच्या माथ्यावर मशीन आपणहून तारीख छापतं. ती मंगळवारची होती. सेक्रेटरीने मला शुक्रवारी विचारलं त्याच्या तीन दिवस आधीची. म्हणजे जागा देऊन झाली होती. मला विचारलं ते फक्त माझ्या तोंडून नकार काढायला. भाव करायला मी बसलो होतो आणि माल केव्हाच विकला गेला होता.

पुढच्या शुक्रवारी खड्यांनी भरलेला डबा मी सेक्रेटरीच्या गाडीच्या बॉनेटवर उपडा केला. मला दोन महिने मैदानबंदी झाली. ते दोन महिने मी कुंपणाबाहेर पिकअपच्या टपावर उभा राहून सामने बघितले. पहिल्या शुक्रवारी खडे कोणी वेचले नाहीत. दुसऱ्या शुक्रवारी पाहतो तर कॅप्टन आणि अकरा-बारा जण एका ओळीत वाकून खडे वेचत होते आणि मधोमध आमचा गडी त्यांना सांगत होता, कुठे जास्त असतात. मी टपावरून ओरडलो, "डाव्या पोस्टखाली बघा." सगळे हसले. त्या दिवसापासून सामन्याआधी पूर्ण टीमच खडे वेचते. तो आता क्लबचा रिवाजच झाला आहे, आणि नव्या मुलांना वाटतं तो इंग्लंडहून आला.

बहारीनहून परतल्यावर कॅप्टनने तेरा नंबरची जर्सी धुऊन आमच्या गड्याला परत केली होती. त्यानंतर सहा हंगाम ती त्याच्याच अंगावर होती. आज टीममध्ये आपले पाच जण आहेत, घोट्याची पकड गोऱ्यांनाही येते, आणि यंदा गवताचं मैदान मिळणार म्हणतात. मिळेल, इन्शाल्ला. गवतातसुद्धा खडे असतात, मी डबा टाकलेला नाही. माझी मुलगीही शुक्रवारी येते आणि माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडते. या क्लबवर मी रागावलेलो नाही. मी मरेन तोवर हा क्लब माझा आहे, म्हणूनच त्याच्या पुस्तिकेत खोटं राहिलेलं मला चालत नाही.

आमचा गडी म्हणतो, "चाचा, सोडा आता." पण नव्या कंपनीत त्याचं नाव पुन्हा फोरमनसाठी निघालं आहे, आणि क्लब दहा वर्षांची मोठी पुस्तिका छापतो आहे. जुनी पानं जशीच्या तशी घेणार आहेत. बहारीनचं पानही.

फॅक्सचा कागद उन्हात पांढरा पडत चालला, म्हणून मी त्याच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. एक दुकानात, एक घरी, एक पिकअपमध्ये. सेक्रेटरीसाहेब, आता तुम्ही अध्यक्ष झाला आहात. मी 'अशक्य' म्हणालो ते खोटं होतं, हे मी सगळ्यांसमोर कबूल करतो. आता तुमची पाळी. पुस्तिका छापायला जाण्याआधी, शुक्रवारी, नमाजनंतर, पूर्ण टीमसमोर मला सांगा. जागा मंगळवारी दिलीत, तर शुक्रवारी मला कशासाठी विचारलंत? आणि ज्याचे कागद नीट होते, त्याच्या नावापुढचं ते वाक्य तुम्ही कधी खोडणार आहात?