सुमनशिवायच्या महालक्ष्म्या

आमच्या घरच्या महालक्ष्म्यांची पेटी कायमची दुसऱ्याच्या घरी पाठवून द्यायची, असं मी गेल्या भाद्रपदात ठरवलं होतं. देवीवरचा राग एव्हाना विझला होता. उरला होता तो नुसता कोरडेपणा. देवापुढे हात जोडले तरी आत काही हलायचं नाही. विहिरीत पोहरा सोडावा आणि तो रिकामाच वर यावा, तसं व्हायचं.

त्याच्या आदल्या वर्षी श्रावणात माझी धाकटी जाऊ सुमन गेली. दारव्ह्याच्या आमच्या घरात दोन भाऊ आणि आम्ही दोघी जावा, असा चौघांचा संसार. मला मूल झालं नाही. सुमनला पल्लवी झाली, तेव्हा बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आणून तिला पहिल्यांदा माझ्याच मांडीवर ठेवलं होतं. पल्लवी मला मोठीआई म्हणते. बोलायला लागल्यावर ती कोणाला आधी हाक मारायची यावरून आम्ही दोघी हसत असू, पण सुमनच्या मनात त्याचं कधी काही आलं नाही. अशी जाऊ नशिबाने मिळते.

महालक्ष्म्यांचे तीन दिवस म्हणजे आमच्या घरचा मोठा सण. स्वयंपाक माझ्याकडे, आरास सुमनकडे. पोळा झाला की ती माळ्यावरची खोकी खाली काढायची. एका वर्षी तिने देवीच्या मागे कपाशीचं शेत उभं केलं होतं, खऱ्या पऱ्हाट्यांचं, आणि वेचून ठेवलेला जुना कापूस बोंडाबोंडाला चिकटवला होता. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला यायच्या आणि आरास बघत उभ्याच राहायच्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी. आवाहनाच्या संध्याकाळी तुळशीपासून थोरलीचा मुखवटा मी आणायचा, धाकटीचा सुमनने. "ताई, सावकाश चला, माह्या देवीले तुमच्यासंग यायचं हाय," असं ती दर वर्षी मागून म्हणायची.

पोटाचं दुखणं निघालं तेव्हा उशीर झालेला होता. नागपूरच्या वाऱ्या झाल्या, औषधं झाली. मी महालक्ष्मीला बोलले होते की धाकटीला उठव, जन्मभर तुझ्या दारात जेवणावळ घालीन. सुमन उठली नाही. ती गेली त्या वर्षी सुतकाचं वर्ष म्हणून मुखवटे पेटीतच राहिले. पल्लवी अमरावतीला शिकायला होती. आईच्या चौदाव्यानंतर ती परत गेली, ती फारशी आलीच नाही. फोनवर नीट बोलायची, पण घरी ये म्हटलं की म्हणायची, "मोठीआई, त्या घरात मले श्वास येत नाई." माझे दीर, भाऊजी, शेतात जायचे, परत यायचे, ताटात पडेल ते खायचे. भाजी जळली काय आणि खारट झाली काय, त्यांना कळत नसे. एका घरात राहून आम्ही तिघं तीन बिऱ्हाडांसारखे झालो होतो.

वर्षश्राद्ध झाल्यावर ह्यांनी मला विचारलं, यंदा महालक्ष्म्या बसवायच्या ना. मी नाही म्हटलं. माझ्याने होणार नव्हतं. सुमनचं खोकं उघडायचं आणि तिच्या हातच्या माळा बाहेर काढायच्या, हे मला बघवलं नसतं. कुळाचार तर मोडता येत नाही. म्हणून नेरला आमचे चुलत दीर राहतात, त्यांच्याकडे मुखवटे द्यायचे आणि पुढेही त्यांनीच सांभाळायचे, असं ठरलं. आवाहनाच्या दिवशी दुपारी त्यांचा मुलगा गाडी घेऊन येणार होता. मी पेटी पुसून ओसरीवर आणून ठेवली.

त्या सकाळी पाऊस लागून होता. आमच्या घरासमोर प्रवाशांची एक काळीपिवळी जीप बंद पडली आणि आतली माणसं आडोशाला आमच्या ओसरीवर आली. त्यात साठीतली एक बाई होती. मारेगावकडची होती, नातवंडांना सणाला घरी आणायला निघाली होती, संध्याकाळच्या आत परतायची होती. मी सगळ्यांना पाणी दिलं, चहा ठेवला. तिने इकडेतिकडे बघून विचारलं, "बाई, तुमच्याकडं महालक्ष्म्या नाई काय?"

"हायेत. पण यंदा नेरले पाठवून राह्यलो," मी म्हटलं आणि पेटीकडे हात केला.

"काहून?"

"घरची धाकटी गेली. आता करणारं कोणी नाई."

तिने पेटीवरून हात फिरवला. मग शेजारच्या माणसाशी बोलावं तसं साधं बोलली. "माही लेक गेली, दोन लेकरं टाकून. त्या साली मीबी म्हटलं होतं, कायले बसवाच्या. मंग वाटलं, ज्या दिवशी साऱ्याइच्या लेकी माहेरी येतेत, त्या दिवशी माह्या घराले कुलूप दिसलं, तं ती कुठं जाईन?"

मी चहाचा कप तिच्यापुढे केला. ती म्हणाली, "रांगोळी हाय काय घरात? गाडी दुरुस्त होईस्तोवर हात रिकामेच हायेत." मी डबा आणून दिला. उंबऱ्यापासून आत देवघरापर्यंत तिने पावलं काढली. घाईत काढलेली होती, एक लहान, एक मोठं. तेवढ्यात जीप सुरू झाली, ड्रायव्हरने हाक मारली, आणि पदराने हात पुसत ती गेली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. चहाचा अर्धा कप कठड्यावर तसाच होता.

मी कितीतरी वेळ त्या पावलांपाशी बसले. मग उठून ह्यांना सांगितलं, नेरला फोन करा, मुलाला पाठवू नका. काही न विचारता त्यांनी फोन लावला.

आरास करायची नाही, पाहुणे बोलवायचे नाहीत, फक्त देवी बसवायच्या, एवढंच माझ्या मनात होतं. दुपारभर मी एकटीने मुखवटे बसवायच्या कोठ्या मांडल्या, साड्या नेसवल्या. थोरलीची साडी नीट बसली. धाकटीच्या निऱ्या काही केल्या जागेवर राहीनात. सुमनच्या हाताला ते सहज जमायचं. तशाच टाचण्या लावून मी सोडून दिलं.

संध्याकाळी पाऊस थांबला. तुळशीपाशी दोन ताटं ठेवली, दोन मुखवटे ठेवले. पूजा झाली. थोरलीचं ताट मी उचललं आणि दुसऱ्यापाशी माझी नजर अडली. शेजारची वहिनी पुढे होऊन म्हणाली, "मी घेऊ काय?" घे म्हणणंच बरोबर होतं, पण माझं मन तयार होईना. आणि तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. पल्लवी उतरली. खांद्यावर बॅग, चिखलाने भरलेल्या चपला. तिने कोणाकडे बघितलं नाही. नळावर पाय धुतले, ओढणी डोक्यावर घेतली, आणि सरळ येऊन धाकटीचं ताट उचललं.

"चल मोठीआई," ती म्हणाली. "सावकाश चाल."

सकाळच्या त्या लहानमोठ्या पावलांवरून आम्ही दोघी आत गेलो.

नंतर तिने सांगितलं. ती घरी यायला निघालीच नव्हती. मुखवटे नेरला जाणार, हे तिला माहीत होतं. आईने इतकी वर्षं सजवलेली देवी एकदा डोळ्यांनी बघावी आणि तिथूनच अमरावतीला परत जावं, म्हणून ती नेरला उतरली होती. काकांच्या घरी गेली तर तिथे देवी नव्हती. काकू म्हणाली, तुझ्या मोठीआईने घरीच बसवायचं ठरवलं. मग तिने स्टँडवर येऊन दारव्ह्याची गाडी धरली. मी पेटी पाठवली असती, तर पोर नेरहूनच परत फिरली असती आणि मला कधी कळलंही नसतं. याला योगायोग म्हणणारे म्हणोत. मी कोणाशी वाद घालत नाही. त्या मारेगावच्या बाईचा शोधही मी घेतला नाही. ती एक दुःखी आई होती, एवढं मला पुरेसं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवीने देवीकडे बघून विचारलं, "मागं काहीच नाई काय? नुसती भिंत?" मी म्हटलं, यंदा राहू दे. ती म्हणाली, "आईच्या साड्या हायेत ना. पडदे करू." मला ते पटेना. गेलेल्या माणसाच्या साड्या देवीच्या मागे लावाव्यात का, शास्त्र काय म्हणतं, मला माहीत नव्हतं. भाऊजी दारात होते. ते वळून आत गेले आणि वर्षभर न उघडलेलं सुमनचं कपाट उघडल्याचा आवाज आला. दोन्ही हातांवर साड्यांची चळत घेऊन ते आले. त्यातली हिरवी काठाची त्यांनी वेगळी काढली आणि म्हणाले, "हे धाकटीच्या मागं लावा. तिले हेच आवडे." मग स्टुलावर चढून स्वतःच सुतळी बांधू लागले. बांधताना त्यांचे खांदे हलत होते. पल्लवीने खालून स्टूल धरलं होतं. आई गेल्यापासून न रडलेली ती पोर, बापाच्या पायाला डोकं टेकून रडली. मी धाकटीच्या निऱ्या सोडून पुन्हा घालत होते. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण या वेळी त्या बसल्या.

बोलावणं कोणालाच नव्हतं, तरी दारातली पावलं बघून गल्लीत बातमी गेली होती. कोणी दोडकी घेऊन आली, कोणी भेंडी, कोणी परसातली चवळी. नैवेद्याला सोळा भाज्या लागतात, त्या अशाच जमल्या. बायकांनी न सांगता पुरण वाटायला घेतलं. आंबील आणि कढी मी केली. दुपारी पंगत बसली तेव्हा सवाष्णीच्या पहिल्या पाटावर कोण बसणार, याकडे सगळ्यांचं लक्ष होतं, कारण तो सुमनचा होता. मी शेजारच्या वहिनीला तिथे बसवलं आणि तिची ओटी भरली. तिचेही डोळे भरले होते.

भाऊजींनी कढीभाताचा एक घास घेतला, थांबले, आणि मला म्हणाले, "वहिनी, कढीत मीठ नाई."

खरंच नव्हतं. पन्नास माणसांची कढी अळणी झाली होती आणि सगळे मुकाट्याने जेवत होते. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मी मिठाची वाटी घेऊन पंगतीत फिरले. जेवण बिघडल्याचं दुःख मला जराही झालं नाही. भाऊजींना चव कळली होती, एवढंच मनात घुमत होतं.

तिसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली. दहीभाताचा नैवेद्य दाखवला. अक्षता टाकून, पुन्हा या असं म्हणून, मुखवटे हलवले. पल्लवी बॅग भरून उभी होती. दिवाळीला येईन म्हणाली. भाऊजी तिला स्टँडवर सोडायला गेले, आणि सुमनच्या साड्या सोडून घड्या घालायला मी एकटी राहिले. त्या रिकाम्या कोठ्यांकडे बघताना मला पहिल्यांदा जाणवलं की देवी तीन दिवसांनी जाते म्हणून आपण तिच्याशी कधी भांडलो नाही. ती येते तेव्हा दार उघडतो, असते तोवर जेवू घालतो, जाते तेव्हा अक्षता टाकतो. थांब म्हणून कोणी तिचा पदर ओढत नाही. सुमनला मात्र मी वर्षभर घट्ट धरून बसले होते.

मी ताटातल्या उरलेल्या अक्षता हातात घेतल्या आणि हिरव्या काठाच्या त्या साडीवर टाकल्या. तिला म्हटलं, सावकाश जा. मग साडीची घडी घातली.