विमलाबाई आणि मिलचा संघ

विमलाबाई गुप्ते फुटबॉलच्या वाटेला कधी गेल्या नव्हत्या. फुटबॉलच त्यांच्या दारी चालत आला. नवरा गेल्यावर त्यांनी ठाण्यात जांभळी नाक्याजवळ खानावळ काढली होती. हाताला चव होती, मासळीचं कालवण तर असं, की कोर्टातले कारकून वाट वाकडी करून यायचे. त्रेपन्न साली कोलशेतच्या रस्त्यावरच्या मिलनं आपल्या संघाचं जेवण त्यांच्याकडे लावलं. ही पोरं नावाला कामगार. हजेरी खात्यात लावायची आणि घाम मैदानावर गाळायचा, पगार त्याचाच.

संघाचे सेक्रेटरी सुधीर चौबळ मिलमध्ये लेबर ऑफिसर होते. मैदान रविवारी तुडुंब भरायचं, त्याचं श्रेय ते स्वतःकडे घेत. "बँड लावला, टोप्या वाटल्या, म्हणून पब्लिक येतं, विमलाबाई!"

पब्लिक यायचं ते विठ्ठलसाठी. बाळकुमचा पोरगा, घरचे सगळे मिठागरावर राबणारे. अनवाणी खेळायचा, चेंडू पायाला चिकटल्यासारखा न्यायचा. पण लोकांचा जीव जडला होता तो वेगळ्याच कारणानं. सामना संपला की बाकीचे तंबूत पळत आणि हा दोरीच्या कडेकडेनं फिरत राही. "तुजी म्हातारी बरी झाली का रं? पोराला शाळेत घातलास का?" शेकडो लोकांना वाटायचं, हा आपल्या घरातला आहे. गुणाजी नावाचा मिलमधला एक साचेवाला, मागावर काम करणारा, तर खानावळीच्या ओट्यावर येऊन त्याच्या पायाला हात लावून तो कपाळाला न्यायचा. विमलाबाईंना ते बघून कसंसंच व्हायचं.

पंचावन्न साली कल्याणच्या संघाशी अंतिम सामना ठरला आणि त्याच आठवड्यात विठ्ठलचा गुडघा सुजला. विमलाबाईंनी त्याला खानावळीतच ठेवून हळद-तुरटीचा लेप घातला, तरी पाय टेकवेना.

चौबळ आले, गुडघ्याकडे न बघता म्हणाले, "खेळावं लागेल. तू नसलास तर मैदान ओस पडेल."

"अहो, गुडघा बघा तरी त्याचा! पोराचा पाय जाईल," विमलाबाई म्हणाल्या.

"काकू, मना नाय पळवत," विठ्ठल हळूच म्हणाला.

तेवढ्यात बाहेर कालवा झाला. गुणाजी पाच-पन्नास माणसं घेऊन ओट्यावर आला होता, हातात झेंडूचा हार. "विठ्ठल! विठ्ठल!" असा गजर सुरू झाला. विठ्ठल भिंतीला धरून उठला, बाहेर गेला आणि त्यानं हार गळ्यात घालून घेतला. विमलाबाईंनी कपाळावर हात मारला.

व्हायचं तेच झालं. शेवटच्या घटकेला चेंडू त्याच्याकडे आला. समोर गोल मोकळा, पण मारायला पाय उचलला आणि गुडघा दुमडला. तो तोंडावर पडला आणि सामना गेला.

संध्याकाळी तीच माणसं त्याच ओट्यावर आली. "कल्याणवाल्यांचे पैसे खाल्ले! बाहेर काढा त्याला!" कोणीतरी मासळीच्या घाणीची पाटी दारावर ओतली. विमलाबाई कडी काढून बाहेर आल्या. पुढे गुणाजीच होता. त्यांना बघून तो मागे सरकला, मग सगळेच पांगले. विठ्ठल आत पाटावर बसून सगळं ऐकत होता. विमलाबाईंनी राखेनं ओटा घासला, दार घासलं, उंबरठा घासला. वास गेला, पण त्यांच्या नाकातून गेला नाही.

मिलनं विठ्ठलला संघातून काढून फाटकावर राखणीला बसवलं. तो काठी टेकत लंगडत यायचा, विमलाबाई त्याला पूर्वीसारखंच वाढायच्या. नव्या हंगामात बेंगळूरहून अँथनी आला, गोलांचा सपाटा लावला, आणि एका रविवारी गुणाजी अँथनीसाठी पेढ्यांचा पुडा घेऊन ओट्यावर हजर!

"ते घरी न्या," विमलाबाई म्हणाल्या. "या ओट्यावर तुम्ही काय ओतलंत ते विसरलात?"

"काकू, ते मनावर नाय घ्यायचं," गुणाजी हसत म्हणाला. "टीमवर जीव आहे म्हणून तर तोंडात शिवी येते."

त्या हसण्यात शरमेचा लवलेश नव्हता. विमलाबाईंनी दार लावून घेतलं.

पुढे अँथनीनं फार गळ घातली, म्हणून त्या एकदाच मैदानावर गेल्या. त्याचं घर लांब, इथं त्याचं असं कोणी नव्हतं. त्या दिवशी त्याची पेनल्टी चुकली. मागून ओरडा उठला, "विकला गेला! हाकला भडव्याला!" त्यातला एक आवाज त्यांनी ओळखला. वळून पाहिलं तर गुणाजीच्या शेजारी, काठी उंचावून, गळ्याच्या शिरा ताणून विठ्ठल ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी तो जेवायला आला तेव्हा त्यांनी ताट मांडलं आणि विचारलं, "तुला हेच म्हणाले होते ना रे?"

विठ्ठलनं ताट पुढं ओढलं. "काकू, तवा मी आत व्हतो. आता भायेर हाय. तिथं उभा रायलो का गुणाजी खांद्यावर हात टाकतो. गप रायलो तर मना कोण इचारल?"

मारणाऱ्यांची किळस त्यांना आधीच आली होती. मार खाल्लेल्याचीही येईल, असं वाटलं नव्हतं.

"जेव," त्या म्हणाल्या. "उद्यापासून दुसरीकडे सोय बघ."

त्याच आठवड्यात त्यांनी चौबळांना निरोप धाडला, संघाचं जेवण जमणार नाही. चौबळ समजूत काढायला आले. "विमलाबाई, एवढा लोकप्रिय संघ! तुमच्या खानावळीचं नाव होतंय."

"म्हणूनच नको," त्या म्हणाल्या.

संघ दुसरीकडे जेवू लागला आणि जिंकतही राहिला. मैदान पूर्वीपेक्षा जास्त भरू लागलं. विमलाबाईंच्या पंगतीला पुन्हा कोर्टातले कारकून तेवढे उरले. त्यांच्यापैकी कोणी रविवारच्या सामन्याची गोष्ट काढली, की विमलाबाई आमटीचं भांडं खाली ठेवत आणि तो गप्प होईपर्यंत पुढच्याला वाढत नसत.